मदत हवी आहे : सुसाना मॅल्की यांच्या कामाविषयी बोलताना ‘कंडक्टर’ची कला कशी समजावावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या संगीतश्रवण मंडळात पुढच्या महिन्यात मला फिनलंडच्या कंडक्टर (हातांच्या खुणांनी वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्या) सुसाना मॅल्की यांच्यावर ४० मिनिटे बोलायचे आहे. श्रोते सगळे ख्याल-ठुमरीतले, आणि माझे पाश्चात्त्य संगीताचे ज्ञानही ऐकीवच, म्हणून हा धागा.

चरित्राचा भाग जुळला आहे. जन्म १९६९, हेलसिंकी. स्वीडनमधील गॉथेनबर्ग सिम्फनी वाद्यवृंदात १९९५ ते १९९८ प्रमुख चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य), मग ती मानाची खुर्ची सोडून संचालन. २००६ ते २०१३ या काळात, फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांनी १९७६ साली नव्या संगीतासाठी पॅरिसमध्ये उभारलेल्या ३१ वादकांच्या संचाचे नेतृत्व. २०११ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगगृहात ऑपेरा (गाण्यातून सादर होणारे पाश्चात्त्य नाटक) संचालित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि तोही व्हर्दी-पुच्चिनी या जुन्या नामवंत संगीतकारांचा नव्हे, तर लुका फ्रांचेस्कोनी यांचा कोरा करकरीत ‘क्वार्टेट’, ज्यात गायक अवघे दोन!

अडचण पुढे आहे. फिनलंडच्याच संगीतकार काइया सारिआहो यांचा ‘लामूर द ल्वाँ’ हा ऑपेरा मॅल्कींनी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संचालित केला. आपल्याकडे तबल्याचा ठेका चालू असतो, त्यामुळे गायक कितीही लांब गेला तरी सम कुठे येणार हे श्रोत्याला मनातल्या मनात कळत असते. या संगीतात मात्र स्वरांचे थर इतके सावकाश सरकतात की मात्रा कानाला लागतच नाही. तरीही मॅल्कींच्या चित्रफितींत उजव्या हातातली छडी नेमकेपणाने मात्रा दाखवते आणि डावा हात कुणाला तरी प्रवेशाच्या क्षणभर आधी सावध करतो. जी मात्रा ऐकूच येत नाही ती इतक्या काटेकोरपणे का मोजायची, हा प्रश्न श्रोते विचारणार, आणि ‘सगळ्यांनी एकत्र राहावे म्हणून’ एवढ्या उत्तरावर आमची मंडळी गप्प बसणारी नाहीत.

मुंबई-गोव्यातल्या एखाद्या वाद्यवृंदात किंवा चर्चच्या गायकवृंदात भाग घेतलेले कोणी येथे असल्यास, त्या खुर्चीतून हे हात कसे दिसतात आणि आधीचे ध्वनिमुद्रणच नसलेली नवी रचना बसवताना त्यांचा आधार किती वाटतो, हे कृपया सविस्तर लिहावे.

शिवाय एक शब्दही हवा आहे. ‘कंडक्टर’ म्हटले की एसटी आठवते, ‘संगीत दिग्दर्शक’ म्हटले की चित्रपट. ‘वाद्यवृंद संचालक’ बरा आहे, पण ऑपेरातले गायक त्यात मावत नाहीत.

सारिआहोंच्याच ‘इनोसन्स’ या ऑपेरामधला (पहिला प्रयोग २०२१, फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स, संचालन मॅल्कींचेच) दोन-तीन मिनिटांचा उतारा सुचवल्यास फार उपयोग होईल. पात्रे वेगवेगळ्या भाषांत गातात-बोलतात, त्यामुळे संचालकाचे काम तिथे चटकन दाखवता येईल असे वाटते. फक्त अगदी हळू आवाजाचा भाग नको. आमच्याकडे दोन साधे स्पीकर आहेत आणि डोक्यावर पंखा.