लसिका आणि लस: श्वासनळीतल्या लिम्फोमाला घरच्यांसमोर काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रश्न शब्दाचाच आहे, पण तो घरातून उठलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझे काकाजी 62 वर्षांचे आहेत. कापूस आणि तुरीची शेती. दीड वर्षापूर्वी त्यांना दम लागायला सुरुवात झाली. एका डॉक्टरांनी दमा सांगितला आणि तो शब्द घरात मुक्कामालाच आला. पंप सुरू झाला. त्रास वाढला की गोळ्यांचा कोर्स मिळायचा, आठ-दहा दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. फवारणीमुळे असेल, असंही सगळे म्हणाले. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, तेव्हापासून आमच्याकडे कुणालाही धाप लागली की पहिला संशय फवाऱ्यावर जातो. बेडका दोनदा तपासला, टीबी निघाला नाही. छातीचा फोटो काढला, तो साफ.

शेवटी नागपूरला नेलं. सिटी स्कॅनमध्ये श्वासनळीची भिंत आतून जाड दिसली. दुर्बीण टाकून तुकडा काढला. पहिला रिपोर्ट ‘जुनाट सूज’ असा आला. तिथल्या डॉक्टरांना तो पटला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा, जरा मोठे तुकडे काढले आणि वेगळ्या चाचण्यांना पाठवले. मग नाव कळलं: माल्ट लिम्फोमा.

डॉक्टरांनी आम्हाला मराठीतच सांगायचा मनापासून प्रयत्न केला. ते म्हणाले, “हा लसिका-ऊतीचा दुर्मिळ कर्करोग आहे.” काकूंनी त्यातला एकच शब्द ऐकला. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, “मी तवाच म्हनत होती, ते लस घेऊ नका म्हून.” संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी शेजारची सून बाळाचं कार्ड घेऊन माझ्याकडे आली. “मॅडम, आता याले लस द्याची का नाही?”

त्या रात्री मला झोप आली नाही. लसिका आणि लस यांचा काही संबंध आहे का? आणि काकाजींना हा आजार सांगताना कोणता शब्द वापरू? त्यांना अजून फक्त ‘गठान आहे’ एवढंच माहीत आहे.

अमरावतीहून, निवृत्त मराठी प्राध्यापक

ताई, तुमच्या काकूंचा कान चुकलेला नाही. चुकला तो निष्कर्ष.

‘लस’चा जुना मराठी अर्थ म्हणजे जखमेतून किंवा फोडातून पाझरणारं चिकट पाणी. “फोड फुटला, लस वाहते आहे,” असं आजही म्हणतात. संस्कृतातली ‘लसीका’ही तीच. चरकसंहितेत शरीरातल्या पाण्याचं वर्णन आहे. त्वचेखालचं जे पाणी जखमेत दिसू लागतं, त्याला तिथे लसीका म्हटलंय. पुढे इंग्रजीतल्या ‘लिम्फ’साठी मराठीने हाच शब्द उचलला, आणि ते योग्यच झालं, कारण मूळ लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजेही स्वच्छ पाणी.

आता टोचायची लस. इंग्रज डॉक्टर जेन्नरने 1796 मध्ये गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या, फोडातलं पाणी एका मुलाच्या दंडात घातलं. त्या पाण्याला इंग्रजीत बराच काळ लिम्फच म्हणत. 1802 मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ते टोचलं गेलं आणि आपल्याकडे देवी टोचणं सुरू झालं. फोडातलं पाणी म्हणून ती ‘लस’. आज लशीत फोडातलं पाणी नसतं, पण नाव टिकलं. दोन्ही शब्दांचं कूळ एक, पण लसिका आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून वाहते. काकूंना हे एवढं एक वाक्य सांगा: लस नव्हती तेव्हाही लसिका होती.

संस्कृतात गाठीला ‘अर्बुद’ म्हणतात. त्यावरून ‘लसीकार्बुद’ असा नेमका शब्द बनतो. मला तो आवडतो. पण तुमच्या ओसरीवर तो कुणाला कळणार नाही, हेही मी मान्य करतो.

यवतमाळ जिल्ह्यातून, छातीरोगतज्ज्ञ

या रुग्णाबद्दल त्यांचे डॉक्टरच बोलतील. मी शब्दांपुरतं लिहितो, कारण या आजारात निदान उशिरा होण्यामागे एका शब्दाचा हात असतो. तो शब्द म्हणजे दमा.

‘दम’ हा फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीत तो इतका मुरला की दम लागतो, दम खातो, दम धरतो आणि दमही देतो. रुग्ण “दम लागतो” म्हणाला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दमा तयारच असतो. दम लागणं ही तक्रार आहे आणि दमा हा आजार. त्यात मुख्य श्वासनळीतला लिम्फोमा इतका क्वचित दिसतो, की आधी दमा मनात येणं स्वाभाविक आहे. पण उपचारांनी दमा आटोक्यात येत नसेल, तर तो दमाच आहे का, हे पुन्हा विचारायला हवं.

मोठ्या माणसाची श्वासनळी साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते आणि रुंदीला 2 सेंटिमीटरच्या आसपास. ती हळूहळू अरुंद होत गेली तर माणूस चालवून घेतो. वाट 8 मिलिमीटरच्या आसपास आली की कष्टाच्या कामात दम लागतो, 5 मिलिमीटरपर्यंत आली की बसल्या जागी. साध्या फोटोत हे बरेचदा दिसत नाही. फुंकून करायच्या तपासणीत आलेखाचा उंचवटा सपाट झाला, तर मोठ्या नळीतला अडथळा लक्षात येऊ शकतो.

गोळ्यांनी आठ दिवस बरं वाटायचं, हे ताईंनी लिहिलंय. दम्यात देतात त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लिम्फोमाच्या पेशीही काही काळ मरतात, गाठ ओसरते आणि दमाच होता असं वाटतं. त्याच दिवसांत तुकडा काढला तर काचेवर खरा आजार सापडत नाही, असंही होतं. म्हणून दुर्बिणीआधी अशा गोळ्या चालू होत्या का, हे डॉक्टरांना न विसरता सांगावं. स्वतःहून त्या बंद मात्र करू नयेत.

पहिल्या रिपोर्टात ‘जुनाट सूज’ येण्याचं कारणही समजून घ्या. माल्ट म्हणजे नळ्यांच्या ओलसर अस्तराला लागून असलेली लसिका-ऊती. तिच्या कर्करोगातल्या पेशी लहान आणि शांत दिसतात, साध्या सुजेत जमतात तशाच. छोट्या तुकड्यात फरक कळत नाही. मग पेशींवरच्या सीडी20, सीडी3 अशा खुणा रंगवून बघतात. सुजेत वेगवेगळ्या घराण्यांच्या पेशी एकत्र आलेल्या असतात, लिम्फोमात सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या निघतात. नागपूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तुकडा घेतला, त्याची किंमत घरच्यांना जरूर सांगा.

एक सावधगिरी. “पांढऱ्या पेशींचा कॅन्सर” म्हणावंसं वाटेल. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण आपल्याकडे डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की लोक त्यांनाच पांढऱ्या पेशी म्हणतात. नातेवाईक पपईच्या पानांचा रस घेऊन येतील. “रक्ताचा कॅन्सर” म्हणालात तर रक्त चढवायचं का, असं विचारतील.

मेळघाटातून, आशा कार्यकर्ती

ताई, मी आशा आहो. तुमच्या शेजारनीसारख्या बाया मले रोज भेटतात, म्हून लिहितो.

‘घरघर’ शब्द वापरू नका. आमच्याकडं घरघर लागली म्हंजे मानूस चालला. छातीत शिट्टी वाजते, असं म्हना. आनि एक विचारा, श्वास आत घेतानी वाजते का सोडतानी. डॉक्टर हे नेहमी विचारतात, पन घरच्याइनं लक्षच देल्लं नसते.

लिम्फोमा मी असा समजावला असता. पायात काटा मोडला की जांघेत गोळा येते. तो गोळा म्हंजे अंगातले जागले. रानडुकराईसाठी आपन रातच्यानं जागलीले जातो ना, तसे हे रोगासाठी जागतात. गळ्यात, काखेत, जांघेत त्याइच्या मचानी आहेत. काकाजीच्या श्वासाच्या नळीत एका जागल्याचं बिघडलं. तो एकाचे दोन, दोनाचे चार होत गेला आनि वाटेवरच बसला.

प्राध्यापक, पुन्हा

हे मला सुचलं नसतं. जांघेतल्या त्या गोळ्याला ‘अवधाण’ असाही एक मराठी शब्द आहे. म्हणजे लसिकाग्रंथीचं काम लोकांना ठाऊक होतं, फक्त ‘लसिका’ या नावाने नव्हतं.

नागपूरहून

‘दुर्मिळ’बद्दल थोडं. दुर्मिळ नाणं, दुर्मिळ पोथी, म्हणजे जे मिळावंसं वाटतं पण मिळत नाही. आजार कुणाला मिळवायचा आहे? “क्वचित होणारा” म्हणा. काकाजींना “एखाद्यालाच होतो” हे कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकाजींशी बोलले. लिम्फोमा हे नाव तसंच ठेवलं, कारण फाइलवर तेच आहे आणि दवाखान्यात त्यांना तेच कानावर पडणार आहे. अर्थ मात्र जागलीचा सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपलाच मानूस वाटंवर बसला म्हंजे त्याले हाकलाचं कसं?” मी सांगितलं, शेक देणार आहेत, आणि गरज पडली तर सीडी20 ही खूण ओळखून त्याच पेशींना गाठणारं सलाइनमधलं औषध आहे. हा प्रकार सहसा हळू वाढतो, हेही सांगितलं. ‘कॅन्सर’ हा शब्द मी लपवला नाही. ते म्हणाले, मला अंदाज होता.

काकूंना प्राध्यापकसाहेबांचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. उपकेंद्रात लसीकरण होतं त्या दिवशी शेजारच्या सुनेसोबत त्याच गेल्या.

आता पुढचा शब्द अडलाय. रेडिएशनला सगळे ‘शेक’ म्हणतात, म्हणून मीही म्हणाले. काकूंना वाटतंय की तवा गरम करून कापडानं शेकतात, तसलंच काही असेल, आणि घरीही दोन वेळा करता येईल. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. ‘शेक’ऐवजी तुमच्याकडे काय म्हणतात?