सोबत अर्ध्यात सुटली आणि पुढची देवळं एकट्याने पाहिली : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. बदामीला मैत्रिणीबरोबर गेले होते. दुसऱ्याच सकाळी तिच्या घरून फोन आला, वडील पडले म्हणून. तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं. ‘तू बघूनच ये गं’, म्हणाली. मलाही परतायचं होतं, पण लॉजचे पैसे भरलेले होते. खरं कारण एवढंच.

ऐहोळेला मेगुतीच्या टेकडीवर पोचले तर चिटपाखरू नाही. तिथल्या देवळाच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा ६३४ सालचा लेख आहे. हा पठ्ठ्या त्यात स्वतःला कालिदास-भारवीच्या पंगतीत बसवतो! एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण चालुक्य राजा पुलकेशीच्या स्तुतीत तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९ हजार गावं येतात, हे ठाऊक होतं. परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं. पाऊण तास तिथेच बसले. मैत्रीण असती तर दहा मिनिटांत उतरलो असतो, कारण आमच्या गप्पा कधी संपतच नाहीत.

तुम्हीही लिहा. वाईट अनुभवही चालतील.

*

आमचं तर भांडण झालं होतं. मेहुण्याच्या मोटारसायकलवरून खिद्रापूरला निघालो. नरसोबाच्या वाडीत बासुंदी खाताना जुना जमिनीचा विषय निघाला आणि तो तिथूनच माघारी फिरला. मी एसटीने पुढे. देवळापुढच्या स्वर्गमंडपात ४८ खांब, वर छताला गोल मोकळं आभाळ. देव कोण, तर कोपेश्वर, रागावलेला शंकर! त्याची समजूत काढायला विष्णू धोपेश्वर होऊन शेजारी बसलाय. आमच्यात धोपेश्वर कोण होणार, हा प्रश्न होता. शेवटी मीच झालो, वाडीहून पेढे घेऊन गेलो. जमिनीचं अजून तसंच आहे.

*

कंबोडियातलं अंगकोर वाट. नवऱ्याचं पोट बिघडलं, तो हॉटेलवर. समुद्रमंथनाचा शिल्पपट जवळपास ४९ मीटर लांब आहे. त्यात ९२ असुर आणि ८८ देव असल्याचं वाचलं होतं, म्हणून मोजायला लागले. तीनदा चुकले, तीनदा पहिल्यापासून. ‘चल आता’ म्हणणारं कोणी नव्हतं ना! रात्री त्याला पेज भरवताना सगळं सांगितलं, तर तो मध्येच झोपला.

*

ताई, मला अजिबात आवडलं नाही. बेलूरला मित्राची रजा संपली, हळेबीडला मी एकटा. पायाखाली तापलेली फरशी आणि पाठीवर सगळं बिऱ्हाड. भिंतीवर तळाशी हत्तींची रांग आहे, ती वाकून बघावी तर सॅक डोक्यावर येते, उतरवून ठेवावी तर डोळे सॅकवरच. सोबत म्हणजे निम्मी तर सामान राखायलाच लागते.

शेवटी बाहेरच्या फुलवाल्या आजींकडे ठेवली. त्यांना मराठी येईना, मला कन्नड. तासाभराने आलो, तर फुलांवरचं ओलं फडकं त्यांनी माझ्या सॅकवरही ओढून ठेवलं होतं.