मदत हवी आहे: गेमिंग पीसी तयार घ्यावा की सुटे भाग घेऊन जोडावा? (कराड, बजेट ९० हजार)

कृष्णाकाठ

मंडळी, मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. 'बारावीला मार्क पाड, गेमिंग पीसी घेऊन देते' असं मीच बोलून बसले होते. त्याने पाडले. सहा महिने टाळलं, आता जानेवारी २०२६ उजाडला, टाळता येत नाही. बजेट ९० हजार, फारच ओढाताण केली तर एक लाख. मॉनिटर मामाने दिलाय, म्हणजे नुसता डबा हवाय.

पर्याय तीन आहेत.

इथल्या दुकानदाराकडे तयार 'गेमिंग पीसी' ५८ हजारांना आहे. चिठ्ठीवर लिहून दिलंय ते जसंच्या तसं देते: 'आय ५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट, आरजीबी कॅबिनेट.' बिल नको असेल तर आणखी कमी करतो म्हणाला.

दुसरा, एका मोठ्या कंपनीचा टॉवर, ऑनलाइन, १ लाख ४ हजार. विंडोज ११ सकट, एक वर्ष घरी येऊन दुरुस्ती.

तिसरा चिरंजीवांचा. सुटे भाग पुण्याहून आणायचे आणि घरी स्वतः जोडायचे. आजवर त्याने सायकलची चेनसुद्धा बसवलेली नाही, पण व्हिडिओ भरपूर बघितलेत. त्याची यादी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा), कॅबिनेट. दिवाळीआधी हे सगळं ७९ हजारांत बसत होतं. परवा त्याच यादीचे ९५ झाले. का, ते त्यालाही सांगता येईना.

वेग-बिग मला कळत नाही. माझा प्रश्न एकच आहे. बिघडला तर कुणाच्या दारात जायचं?

जुनाखिळा

ताई, आधी त्या चिठ्ठीबद्दल. 'आय ५' इंटेल २००९ पासून विकतेय. नुसतं आय ५ म्हणजे 'मारुतीची गाडी' म्हटल्यासारखं झालं, कुठल्या सालची कुठली ते कळतच नाही. आणि '८ जीबी ग्राफिक्स' म्हणजे बादली ८ लिटरची आहे एवढंच सांगितलं, नळाला पाणी किती जोराने येतं ते नाही. २०१७ च्या आरएक्स ५८० कार्डावरही ८ जीबी असते आणि गेल्या वर्षीच्या आरटीएक्स ५०६० वरही ८ जीबीच. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

उद्या जाऊन पाच गोष्टींची पूर्ण नावं मॉडेल नंबरासकट मागा: प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या पट्ट्या किती, आणि एसएमपीएस कुठल्या कंपनीचा. शेवटच्या प्रश्नाला 'चांगल्या कंपनीचा आहे हो' असं उत्तर आलं की काय ते समजून जा.

सदाशिवपेठी

गेमिंग कशाला पाहिजे इंजिनिअरिंगला? कोडिंग आय ३ वरही होतं. आमच्या वेळी…

कृष्णाकाठ

@सदाशिवपेठी, शब्द दिलाय. तो विषय आमच्या घरात मिटला.

बंदरकर

मी उलटं सांगणार, लोकांना आवडणार नाही. मी रत्नागिरीजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो, जिथे जे स्वस्त तिथून ते घेतलं, घरी स्वतः जोडलं. दोन-तीन हजार वाचले, छाती फुगली. सात महिन्यांनी पीसी बंद. पंखे फिरतात, पडद्यावर काही नाही.

आता बिघडलंय काय? बोर्ड, रॅम, प्रोसेसर की कार्ड? ठरवायला घरात दुसरा सुटा भाग लागतो, तो कुणाकडे असतो? बोर्डवाला म्हणाला रॅम तपासा, रॅमवाला म्हणाला बोर्ड. सर्व्हिस सेंटर कोल्हापूर किंवा मुंबई. शेवटी बोर्डच निघाला, वॉरंटीत बदलून मिळाला, पण कुरिअर आणि फेऱ्या धरून सव्वादोन महिने गेले. घरी येणारा माणूस म्हणजे नुसती चैन नव्हे. फक्त त्या कंपनीच्या साइटवर कराडचा पिनकोड टाकून बघा. 'ऑनसाइट' लिहिलेलं असतं, पण प्रत्येक पिनकोडला येतातच असं नाही.

पाचवाखण

बंदरकरांचं दुखणं खरं आहे, पण चूक जोडण्यात नाही, चार दुकानांत फिरण्यात झाली. सगळं एकाच दुकानातून घेतलं असतं तर कुठला भाग गेला हे शोधणं त्या दुकानदाराच्या डोक्याला ताप.

ताई, आपल्याकडे 'तयार घ्यावा की स्वतः जोडावा' हा प्रश्नच अर्धवट मांडला जातो, परदेशी व्हिडिओ बघून. आपल्याकडे पस्तीस वर्षं तिसरीच रीत चालू आहे: भाग आपण ठरवायचे, असेंबल दुकानात करून घ्यायचं. मजुरी हजार-दीड हजार, बरेच जण सगळं त्यांच्याकडून घेतलं तर फुकटही करतात. मुलाला शेजारी उभं करा, दोन स्क्रू त्यालाही पिळू दे.

७९ चे ९५ कसे झाले ते सांगतो. रॅम. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी जास्त पैसे देते, म्हणून कारखाने तिकडे वळवलेत. गेल्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करतोय असं जाहीरच केलं. डीडीआर५ ची जी जोडी उन्हाळ्यात पाचेक हजारांना येत होती ती आता तिप्पट मागतात, आणि एसएसडीही मागोमाग चढल्यात.

म्हणून यंदा हिशोब थोडा उलटा झालाय, आणि हे मी, आयुष्यभर तयार पीसीला नावं ठेवणारा माणूस लिहितोय. मोठ्या कंपन्यांनी मेमरी घाऊक, आधीच्या भावात उचललेली असते. जुना स्टॉक असेल तर तयार टॉवर महाग पडत नाही. त्या १ लाख ४ हजारांत विंडोज आहे, तुमच्या ९५ मध्ये नाही. फरक जवळपास पुसला जातो.

पण तो घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, १६ जीबी रॅम एका पट्टीत आहे की दोन? एकच असेल तर प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो, गेम अडखळतात, आणि दुसरी पट्टी घ्यायची तर आजच्या भावाने. दोन, बोर्ड आणि एसएमपीएस बाजारातल्या मापाचे आहेत का? कित्येक ब्रँडेड टॉवरमध्ये एसएमपीएसचा प्लग कंपनीचा स्वतःचा असतो. वर्षाची वॉरंटी संपून तिसऱ्या वर्षी तो गेला की दुकानातला साडेचार हजारांचा एसएमपीएस त्याला लागतच नाही.

वाफाळता

लॅपटॉप घ्या की, हॉस्टेलला नेता येईल.

कृष्णाकाठ

@वाफाळता, कॉलेज घरापासून पाच किलोमीटरवर आहे.

चिठ्ठीवाल्याकडे जाऊन आले. प्रोसेसर आय ५ १०४००एफ. कार्ड खरंच आरएक्स ५८० निघालं! रॅम एकच पट्टी. एसएमपीएसचं नाव विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, गॅरंटी मी देतोय ना.' मी पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे असं कोटेशन आलं तर शिपाईसुद्धा पुढे सरकवणार नाही. बिल नसेल तर वॉरंटी कशावर, यावर तो नुसता हसला.

टॉवरवाल्यांनी चॅटवर उत्तर दिलं. रॅम एकच पट्टी, एसएसडी ५१२, कार्ड आरटीएक्स ५०६०. बोर्डाबद्दल 'कंपनीच्या डिझाइनचा' एवढंच. पिनकोडला सेवा आहे म्हणतात.

जुनाखिळा

५८० म्हणजे ९ वर्षांचं कार्ड. इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम (ग्राफिक्स कार्डं राबवून चलन कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं तेव्हा रात्रंदिवस राबलेली अशी पोत्यानं कार्डं बाजारात आली, पुसून नव्या खोक्यात भरली गेली. तुमच्या दुकानदाराचं तसंच असेल असं नाही, पण ५८ हजार? नको. १०४००एफ ची सॉकेटही (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) केव्हाच संपली, त्यावर इंटेलच्या ११ व्या पिढीपुढचं काही चढत नाही. मुलाने निवडलेली एएम५ सॉकेट रायझनवाली एएमडी कंपनी २०२७ पर्यंत तरी चालवणार आहे. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून काम भागेल. पोराने अभ्यास केलाय, हे कबूल करा.

बिलाशिवाय घेऊ नका. १८ टक्के जीएसटी वाचवायचा आणि तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी घालवायची, हा कसला फायदा?

डबलक्लिक

ताई, मी २० वर्षांचा आहे, मागच्या वर्षी स्वतः जोडला, तुमच्या मुलासारखाच व्हिडिओ बघून. जोडताना चूक झाली नाही. पहिल्यांदा चालू केला, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. घामच फुटला. बंद केला, परत चालू, परत काळा. तीनदा केलं. आई दारात उभी, ७० हजार गेले असा चेहरा. मग एका मित्राने फोनवर सांगितलं, अरे, डीडीआर५ चा बोर्ड पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, हात लावू नकोस. चहा पिऊन आलो तर स्क्रीन आलेला.

आणखी दोन. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात लावायची, बोर्डात नाही (हसू नका, मी लावली होती). आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वर चालत राहते आणि कुणाला कळतही नाही.

स्वतः जोडण्यात मजा आहे, खोटं कशाला बोलू. पण एएम५ च्या बोर्डावर सॉकेटमध्ये बारीक पिना असतात. प्रोसेसर तिरका टेकला की वाकतात, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. म्हणून पहिल्यांदा दुकानात, अनुभवी माणसासमोर.

पाचवाखण

डबलक्लिकला +१. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारा, शनिवारी जाऊ नका, गर्दीत कुणी नीट बोलत नाही. जाताना: प्रोसेसर खोक्यातला घ्या, 'ट्रे' (खोक्याशिवायचा सुटा) नको. ट्रेचा थोडा स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षं नाहीत, दुकानदाराचं एक. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. रिकामी खोकी घरी आणा, माळ्यावर टाका. आणि तिथेच तासभर एखादा गेम चालवून बघा.

पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, एसएसडी आत्ता ५१२ घ्या. एसएमपीएसला हात लावू नका. दिव्यांचा झगमगाट बाहेरून दिसतो, एसएमपीएस दिसत नाही, म्हणून सगळे दुकानदार तिथेच पैसे काढतात. तो मेला तर मेला, पण मरताना बोर्ड आणि कार्ड घेऊन जाऊ शकतो.

कृष्णाकाठ

झालं. बुधवारी रजा टाकून पुण्याला गेलो. तीन दुकानं विचारली, एकात सगळं घेतलं. एसएसडी ५१२ केली, कॅबिनेट साधं केलं, एकूण ९१,४०० बिलासकट, जोडायचे वेगळे घेतले नाहीत. विंडोज नंतर बघू, आत्ता तो कॉलेजच्या सरांच्या सांगण्यावरून एकीकडे लिनक्सही टाकणार आहे. प्रोसेसर दुकानातल्या माणसाने बसवला, रॅम आणि कार्ड चिरंजीवांनी. एसटीत डबा मांडीवर घेऊन आला, मला धरू दिला नाही. त्यांनी कार्ड वेगळं काढून खोक्यात दिलं होतं, प्रवासात हिसका बसतो म्हणून. घरी येऊन त्याने परत बसवलं. पहिल्या झटक्यात चालू झाला.

बिघडला तर दुकानदार पार्सलने मागवून घेईन म्हणालाय, तसं बिलाच्या मागे लिहून घेतलं.

आता दोन प्रश्न. घरी ६०० व्हीएचा जुना यूपीएस आहे, चालेल का? इथे दिवसातून एकदा तरी लाइट जाते. आणि हे 'साधं' कॅबिनेट साधं नाही, पुढचे तीन पंखे रंगीबेरंगी आहेत. रात्री खोली गणपतीच्या मांडवासारखी दिसते. बंद कसे करायचे?

जुनाखिळा

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. कार्ड १४५, प्रोसेसर ८८ पर्यंत, बाकीचं आणि मॉनिटर धरा, गेम चालू असताना तीनशेच्या जवळ जाईल. जुन्या बॅटरीवर लाइट गेली की यूपीएसही सोबत जाईल. ११०० व्हीएचा घ्या. हा मात्र त्या चिठ्ठीवाल्याकडूनच घ्या, गावात ओळख राहू दे. बिल घ्या.

डबलक्लिक

कॅबिनेटवरचं रिसेटचं बटण दाबून बघा ताई. स्वस्त कॅबिनेटमध्ये बहुतेक वेळा दिव्यांची वायर त्यालाच जोडलेली असते. दाबत राहायचं, रंग बदलत बदलत शेवटी बंद होतात.

कृष्णाकाठ

दाबलं. पीसीच बंद झाला. तो सामना खेळत होता.

डबलक्लिक

अरेरे. म्हणजे तुमच्याकडे रिसेट खरंच रिसेटला जोडलंय. सॉरी सांगा त्याला. मग पंखे बोर्डाला जोडलेले असतील, बोर्डाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून बंद होतील. सामना संपल्यावर.