मदत हवी आहे: दुभाजकाला घासल्यापासून एर्टिगा मागचा उजवा टायर बाहेरून खातेय, मागचं अलाइनमेंट घरी करता येईल का?

गंगापूर_रोड_नाशिक
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची एर्टिगा, टायर १८५/६५ आर १५. मुंबई नाक्याजवळ मागचं उजवं चाक दुभाजकाच्या कठड्याला आदळलं. तेव्हापासून त्या टायरची बाहेरची कड झपाट्याने झिजतेय. पुढचं अलाइनमेंट करून घेतलं, तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं डावीकडेच राहतं.

मशीनचा रिपोर्ट असा आहे (टो म्हणजे वरून पाहता चाक किती वळलंय, + म्हणजे पुढची बाजू आत, अर्थात टो-इन; कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाक किती कललंय; ′ म्हणजे मिनिट, अंशाचा साठावा भाग):
मागे डावा टो +०°०५′, उजवा टो +०°४२′
मागे डावा कॅम्बर −१°०५′, उजवा कॅम्बर −१°१०′

अलाइनमेंटवाल्याचं म्हणणं, "मागे अ‍ॅडजस्टमेंटच नाही, अख्खा बीम बदला." (बीम म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा.) हत्यारं आणि सपाट पार्किंग दोन्ही आहे. बीम न बदलता काही होण्यासारखं आहे का?

ओळंबा
अ‍ॅडजस्टमेंट नाही हे खरं आहे. एर्टिगाला मागे टॉर्शन बीम आहे, त्यामुळे फिरवायला टाय रॉडही नाही आणि एक्सेंट्रिक बोल्टही नाही. पण त्यावरून थेट बीम बदलायला निघू नका. आधी नेमकं काय वाकलंय ते शोधायला हवं, कारण तुमचे आकडे दोन वेगवेगळ्या बिघाडांतून येऊ शकतात.

दोन्ही टोमधला फरक ३७ मिनिटं. त्याचा निम्मा, म्हणजे सुमारे १८ मिनिटं, हा थ्रस्ट अँगल झाला, आणि तो डावीकडे आहे. मागची चाकं गाडीला किंचित तिरकी ढकलतात, म्हणून सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच डावीकडे धरावी लागतात. स्टिअरिंग डावीकडे राहतं ते यामुळे. पुढचं अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी मागचा हा तिरकेपणा जाणार नाही.

पहिली शक्यता: बीमचा बुश (बीम गाडीला जोडणारा रबरी सांधा) फाटलाय किंवा माउंटिंग सरकलंय आणि अख्खा बीमच फिरलाय. तसं असेल तर एका बाजूचा टो जेवढा वाढतो तेवढाच दुसऱ्या बाजूचा कमी होतो. दुसरी शक्यता: फक्त उजवा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस) किंवा तो जिथे बसतो ती बीमची फ्लॅंज वाकलीय.

यातलं कोणतं, ते टेपने कळतं. मागचा ट्रॅक, म्हणजे दोन्ही चाकांमधलं अंतर, साधारण दीड मीटर आहे. बीम १८ मिनिटं फिरला असेल, तर उजवं चाक डाव्यापेक्षा सुमारे ८ मिमी पुढे आलेलं दिसेल. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा आणि चॅसिसवर दोन्ही बाजूंना असलेल्या कारखान्यातल्या सारख्याच भोकांपासून अंतर मोजा. पुढच्या चाकापासून मोजू नका, तेही कधीतरी खड्ड्यात मागे सरकलेलं असू शकतं.

टायरवरून हातही फिरवून बघा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धार बोटाला लागली, तर जास्तीच्या टो-इनचीच झीज आहे.

सिडको_फिटर
त्याच्याही आधी रिम बघा. कठड्याला घासलेली रिम बरेचदा वाकते आणि टोचा आकडा बिघडवते. चाक उचला, रिमच्या कडेजवळ एक पेचकस स्थिर धरा आणि चाक फिरवा. कड दीड-दोन मिमी आत-बाहेर होत असेल तर तिथे स्टेपनी लावून परत मोजा. चाक वर असतानाच १२ आणि ६ वर धरून हलवा, मग ३ आणि ९ वर. खडखड आली तर बेअरिंग गेलंय, आधी ते बदला. ढिल्या बेअरिंगवर केलेलं माप फुकट जातं.

गंगापूर_रोड_नाशिक
धन्यवाद. रिम पाऊण मिमी हलते, बेअरिंग घट्ट आहे, बुशला कुठे चीर नाही. ओळंब्याने दोन्ही बाजूंत फरक १ मिमीच्या आत. हाताला धार लागते ती बाहेर आणतानाच. म्हणजे स्पिंडल किंवा फ्लॅंज? आणि दुरुस्ती करताना टो घरच्या घरी कसा मोजायचा? दर वेळी मशीनवर नेणं परवडणारं नाही.

ओळंबा
हो, बीम जागेवर आहे. दोष उजव्या टोकाला आहे. कॅम्बर दोन्हीकडे जवळपास सारखा आहे हे चांगलं झालं, आता फक्त टोच काढायचा आहे.

मोजायला दोरी पुरते. गाडी रिकामी, स्टेपनी जागेवर, चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा. चार घोड्या घ्या आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर नायलॉनची बारीक दोरी ताणा. दोरी चाकाला समांतर लावायची नाही, गाडीच्या मध्यरेषेला समांतर लावायची. म्हणजे दोरीपासून पुढच्या हबचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं, आणि मागच्या हबचंही डावी-उजवीकडे सारखं हवं. पुढचं आणि मागचं अंतर मात्र एकमेकांशी जुळवू नका, ट्रॅक वेगळा असतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

मग स्टीलच्या पट्टीने मागच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. पुढचं अंतर जास्त आलं तर टो-इन. १५ इंची रिमची बाहेरची कड ते कड सुमारे ४१५ मिमी भरते, त्यामुळे १ मिमी फरक म्हणजे सुमारे ८ मिनिटं. तुमची ४२ मिनिटं ५ मिमी दिसायला हवीत, डावीकडची ५ मिनिटं जेमतेम अर्धा मिमी.

तुमची रिम पाऊण मिमी हलते, म्हणून खडूने रिमवर खूण करा. पहिलं माप खूण पुढे असताना घ्या. मग गाडी अर्धा फेरा ढकला आणि दुसरं माप खूण मागे आल्यावर घ्या. दोन्ही मापं रिमच्या एकाच जागेवर घेतल्याने रिमचा दोष निघून जातो. गाडी ढकलली की दोरी पुन्हा चारही हबपासून तपासायची. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या मिमीपर्यंत भरवसा ठेवता येतो. जॅकवरून खाली घेतल्यावर लगेच मोजू नका. टायर दाबून बसलेला असतो, गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे केली की चाक मोकळं होतं.

सातपूर_टूलरूम
आता दुरुस्तीचं, म्हणजे शिमचं: टो सुधारायला मध्ये घालायची पातळ निमुळती प्लेट. या बीमवर स्पिंडल आणि ब्रेकची बॅकप्लेट (ब्रेकशू जिच्यावर बसतात ती प्लेट) मिळून बोल्टांनी फ्लॅंजवर बसतात. शिम फ्लॅंज आणि बॅकप्लेट यांच्या मध्ये जाते. बॅकप्लेट आणि स्पिंडलच्या मध्ये घातली तर ड्रम आणि ब्रेकशूची जागा बिघडते.

जाडीचा हिशोब: पुढच्या आणि मागच्या बोल्टांच्या मध्यांमधलं आडवं अंतर, गुणिले हवी तेवढी मिनिटं, भागिले ३४३८ (एका रेडियनमधली मिनिटं). तुम्हाला ४२ वरून साधारण १० वर यायचंय, म्हणजे ३२ मिनिटं. अंतर समजा ७० मिमी निघालं, तर ७० × ३२ ÷ ३४३८ = ०.६५ मिमी. उजवीकडे टो-इन कमी करायचा आहे, म्हणून जाड बाजू पुढच्या बोल्टांकडे. उलटी बसवली तर ४२ चे ७४ होतील.

पुढच्या दोन बोल्टांखाली ०.६५ चे वॉशर सारून काम भागवणारे आहेत. मी तसं सुचवणार नाही. वॉशरने मध्ये पाचरीसारखी फट राहते, फ्लॅंज फक्त कडांवर टेकते, बोल्टावर वाकवणारा जोर येतो आणि तो ढिला होत जातो. पूर्ण टेकणारी निमुळती प्लेटच करा. सातपूर-अंबडला लेझर कटिंगवाल्याकडून फ्लॅंजच्या आकाराची, बोल्टांच्या आणि मधल्या भोकासकट ३ मिमी माइल्ड स्टीलची प्लेट कापून घ्या. मग सरफेस ग्राइंडरवर साइन प्लेट (ठरावीक कोनात धरणारी प्लेट) लावून मागच्या बोल्टांजवळ २.०० आणि पुढच्या बोल्टांजवळ २.६५ अशी घासून घ्या. याहून पातळ करायला गेलात तर ग्राइंडरच्या मॅग्नेटवरून सुटताच ती वाकते. टेकणाऱ्या बाजूंना रंग नको, रंगाचा थर दबला की बोल्टाचा ताण जातो. बोल्ट त्याच ग्रेडचे, पण मूळ बोल्टांपेक्षा प्लेटच्या जाडीइतके जास्त लांब.

पंचवटी_ईको
मध्येच विचारतो, हेच ईकोला चालेल का?

सातपूर_टूलरूम
नाही दादा. ईकोला मागे लिंक्सवर अख्खा रिजिड एक्सल आहे आणि तोच चाकं फिरवतो. तिथे बहुधा लिंकचे बुश जातात. वेगळा धागा काढा, रिपोर्टसकट.

सिडको_फिटर
प्रत्यक्ष कामात लक्ष द्यायच्या गोष्टी. पुढच्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून अडसर), हँडब्रेक सोडलेला, गाडी घोडीवर. नुसत्या जॅकवर अजिबात नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. मधला स्पिंडल नट एकदा काढला की नवीनच घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा आणि त्याची कड खाचेत ठोकून बसवा. एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल आधीच क्लिपमधून मोकळी करा. बॅकप्लेट प्लेट सरकण्याइतकी बाहेर येत नसेल तर ब्रेक पाइपचा नट सोडावाच लागेल. पाइप वाकवून जागा करू नका. नट सोडला की ब्रेक ब्लीड करणं, म्हणजे पाइपमधली हवा काढणं, आलं.

फ्लॅंज वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाचा अर्ध्या मिमीचा पापुद्रा राहिला तर तुमचा सगळा हिशोब त्यातच गेला. बोल्ट तिरके, एकाआड एक आवळा.

गंगापूर_रोड_नाशिक
एक शेवटचं. शिमऐवजी बीम गरम करून किंवा प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, स्वस्तात होईल म्हणतात.

ओळंबा
करू नका. हा बीम प्रत्येक खड्ड्यात पीळ घेतो, तो स्प्रिंगचंच काम करतो. गरम केला की पोलादाचा गुण जातो आणि वेल्डपाशी तडे जातात. तुमच्या बीमवरही स्पिंडलच्या फ्लॅंजभोवतीची वेल्ड टॉर्च मारून बघा. केसभर तडा दिसला किंवा चूक एका अंशाच्या वर असती, तर मीही बीम बदलाच म्हटलं असतं. ३२ मिनिटं शिमच्या आवाक्यातली आहेत.

काम झाल्यावर दोरीने उजवीकडे १ ते दीड मिमी टो-इन दिसला की थांबा. रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासा, शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा. मगच चारही चाकांना सेन्सर लावणाऱ्या मशीनवर पुढचं अलाइनमेंट करा. आत्ताचं पुढचं सेटिंग जुन्या तिरक्या मागच्या चाकांवर केलेलं आहे, त्यामुळे आधी स्टिअरिंगची जागा बदललेली दिसली तरी घाबरू नका. झिजलेला टायर मागेच राहू द्या, त्याची बाहेरची कड पुन्हा सपाट व्हायची नाही आणि तो पुढे टाकलात तर त्याची घरघर स्टिअरिंगमध्ये येईल.