मदत हवी: विंडोज ११ वर सांबाचा शेअर उघडत नाही, मॅकवर उघडतो

नमस्कार मंडळी,
सातपूरला आमची छोटी प्रेस आहे. द्राक्षपेट्यांची लेबलं, स्टिकर, हंगाम नसला की लग्नपत्रिका. सगळ्या फायली एका जुन्या उबुंटू (लिनक्स) पीसीवर आहेत, सांबा या फायली नेटवर्कवर वाटणाऱ्या सॉफ्टवेअरने शेअर केलेल्या. डिझाइनचा मॅक, बिलिंगचं विंडोज १० होम आणि छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या मशीनला जोडलेला जुना विंडोज एक्सपी, सगळे तिथूनच फायली उचलायचे. पासवर्ड कुणालाच नव्हता.

आता नवा लॅपटॉप आलाय, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. त्यावर शेअरचा पत्ता टाकला की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला, म्हणजे पासवर्डशिवाय येणाऱ्याला, प्रवेश नाही, अशा अर्थाचा मेसेज येतो. अहो, संस्था म्हणजे मी आणि माझा भाचा! धोरण कुणी ठरवलं? मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून तोच शेअर गेस्ट म्हणून बिनबोभाट उघडतो.

शिवाय उबुंटू नव्या आवृत्तीवर नेल्यापासून एक्सपीला शेअर दिसत नाही. प्लेट मशीनचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालत नाही आणि नवं मशीन परवडत नाही. एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, असं व्हिडिओत सांगतात. करू का? जानेवारीत द्राक्षं सुरू झाली की डोकं वर काढायला वेळ नसतो, त्याआधी मार्गी लावायचंय.

आणि लाइट जाऊन आली की सगळ्यांचेच ड्राइव्ह तुटतात, ते वेगळंच.

टर्मिनलवाला: तुमच्या सांबात 'मॅप टू गेस्ट'ला 'बॅड यूजर' असणार. म्हणजे अनोळखी नाव आलं की सांबा त्याला गुपचूप गेस्ट करतो. मॅकला आणि विंडोज १० होमला ते चालतं, ११ प्रो २४एच२ पासून नाकारतं. लॅपटॉपची सेटिंग सैल करायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. उबुंटूवर यूजर बनवा आणि त्याला 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने पासवर्ड द्या. उबुंटूत लॉगिन करायचा पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही, इथेच निम्मे लोक अडकतात.
लाइटचं म्हणाल तर राउटर पुन्हा सुरू होताना उबुंटूला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देत असेल. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणारी सोय) त्या पीसीचा पत्ता राखून ठेवा.

धागाकर्ता: दादा, लॅपटॉप चालू झाला! पण बिलिंगवाल्या विंडोज १० वर नव्या यूजरने जोडायला गेलो तर एरर १२१९.

टर्मिनलवाला: एका विंडोज लॉगिनमधून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. जुनं गेस्टचं कनेक्शन अजून जिवंत आहे. मॅप केलेला ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, एकदा लॉगऑफ व्हा, मग जोडा.

पंचवटीकर: एक्सपीबद्दल सांगतो. त्याला फक्त एसएमबी १ कळतं आणि सांबाने ते ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, आपणहून बंद ठेवलंय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. एका मशीनसाठी सगळ्या प्रेसचं दार उघडू नका. उबुंटूवर एफटीपी (फायली पाठवायची साधी, वेगळी पद्धत) सर्व्हर टाका, त्यात फक्त प्लेटच्या फायलींचा एक फोल्डर ठेवा आणि फायरवॉलमध्ये तेवढ्या एक्सपीच्याच पत्त्याला परवानगी द्या. एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये एफटीपी सरळ उघडतं. आणि एक्सपीच्या नेटवर्क सेटिंगमधून गेटवे (इंटरनेटकडे जाणारी वाट) काढून टाका, त्याला इंटरनेट कशाला हवं?

धागाकर्ता: हे जमेल असं वाटतं, रविवारी करतो. जाता जाता अजून एक. फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फायली आहेत. नाव अक्षरन् अक्षर तेच, एक्स्टेंशनही तेच. एकाच फोल्डरात असं कसं राहू शकतं?

टर्मिनलवाला: मजा आहे ही! तो 'ऱ्य' युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत) दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्त्याच्या 'ऱ'ला हलंत जोडून, किंवा साध्या 'र'ला हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी नावं वेगळी. दोघांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप केलं असणार. डिलीट करू नका, दोन्ही उघडून बघा. बहुतेक अर्धे शेतकरी एका यादीत असतील आणि अर्धे दुसरीत.

धागाकर्ता: अगदी तसंच निघालं. दिंडोरीचे एकीकडे, निफाडचे दुसरीकडे. भाच्याला बोलावतो.