आवाज आहे, पण वाचा गेली: या शब्दांत नेमका फरक काय?

प्रश्न (वेंगुर्ले): गेल्या महिन्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला. शेजारी ‘आवाज बसला का’ असे विचारतात, तर डॉक्टर ‘वाचा गेली’ असे सांगतात. आवाज खणखणीत आहे, आमचे बोलणे त्यांना बरेचसे कळते, मात्र साधे ‘पाणी’ म्हणताना ते अडतात. आणि रामरक्षेचे श्लोक सुरू केले की पुढच्या ओळी स्वतःहून म्हणतात. मग गेले ते नक्की काय?

उत्तर (रत्नागिरी): आवाज स्वरयंत्रात निर्माण होतो, उच्चार जीभ-ओठ घडवतात आणि योग्य शब्द शोधून जुळवण्याचे काम मेंदूचे. आजोबांची अडचण या शेवटच्या टप्प्यावरची दिसते. तिला वाचाघात म्हणतात. 1861 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने अशा रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजा दाखवून दिली. पाठांतर, अंक, वार अशी अंगवळणी पडलेली वाणी पुष्कळदा शाबूत राहते, म्हणून रामरक्षा येते. वाचा-उपचार मात्र लांबणीवर टाकू नका.

उत्तर (मालवण): आपल्या परंपरेने परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार वाणी मानल्या, त्यांतली कानावर पडते ती केवळ वैखरी. मला याहून मोलाची वाटते ती आपल्या गावातली समज. घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आपल्याकडे मानकरी देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने घालतो ते गाऱ्हाणे, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याशिवाय ते पुरे होत नाही. कौल हा शब्द मूळ अरबी, अर्थ बोल किंवा वचन. पण देव कौल देतो तो एकही शब्द न उच्चारता, पाषाणावर लावलेली कळी खाली पडते त्यातून.

उत्तर (देवगड): अनेकवचनाने अर्थ कसा पालटतो तेही पाहा: लग्नाची बोलणी करतात, आणि चुकल्यावर बोलणी खातात.

प्रश्नकर्ती: सर्वांचे आभार. आजोबा गावचे मानकरी. जत्रेत गाऱ्हाणे तेच घालत. काल संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी ते माझ्या परीने घातले. दोन वाक्यांना ते नुसते पाहत राहिले. तिसऱ्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. उपचारासाठी सोमवारची वेळ घेतली आहे.