घरातला पहिला कन्सोल: सिरीज एस घ्या, बाकीच्या फंदात पडू नका

गोटीबंद: मत मांडतोय, खुशाल खोडून काढा. मुलं सात ते बारा वर्षांची, टीव्ही ३२ इंची, खर्च बेताचा, तर टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल, एक्सबॉक्स सिरीज एस घ्यावा. गेम पास हे वर्गणीचं सदस्यत्व घेतलं की त्याच्या यादीतल्या गेमना वेगळे पैसे नाहीत. कन्सोल आपल्या खात्याचा 'होम एक्सबॉक्स' केला की एकाच सदस्यत्वावर घरातले सगळे आपापल्या खात्यातून खेळतात.

डिस्कवाला: हे भाडं झालं. भरणं थांबलं की गेम बंद. शिवाय डिस्क ड्राइव्हच नाही, म्हणजे मित्राची डिस्क आणणं नाही की खेळून झालेली विकणं नाही. ५१२ जीबी जागेपैकी हाती येतात साधारण ३६४, आणि एकेक मोठा गेम १०० जीबी खातो. बाहेरून यूएसबी हार्ड डिस्क जोडता येते, पण सिरीज एस आणि तिची मोठी आवृत्ती सिरीज एक्स यांच्यासाठी बनलेले गेम तिच्यावरून चालत नाहीत. नुसते ठेवायचे आणि खेळताना आत हलवायचे. घरात फायबर नसून मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागवत असाल, तर असा एक गेम उतरायला पन्नास दिवस.

त्यापेक्षा सोनीचा वापरलेला पीएस४ (प्लेस्टेशन ४) स्लिम बघा. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच सिस्टिम अपडेट करून पीएसएनमध्ये, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन सेवेत, लॉगिन करा. नकली गेम चालवायला सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेली मशिन मुद्दाम जुन्या सॉफ्टवेअरवर ठेवतात, ती इथे उघडी पडतात. मग डिस्क टाकून एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा. पंखा फारच घोंघावला तर आत धूळ किंवा चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली. ते साफसफाईत निभावतं. डिस्क आत जाऊन वाचलीच गेली नाही, तर सरळ सोडा. हार्ड डिस्क मात्र घरी बदलता येते, २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसते.

गोटीबंद: पीएस४ २०१३ चा. नवे गेम त्याच्यासाठी येणं आटत चाललंय. आणि डिस्क असली तरी अपडेट डाउनलोड करावेच लागतात, हे सोयीस्कर विसरलात.

तिसरी_खेळाडू: दोघंही एकट्याने खेळणाऱ्याचा हिशेब मांडताय. घरात दोन कंट्रोलर लागणारच. वरच्या दोन्ही मशिनांबरोबर सहसा एकच येतो. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचे जॉय-कॉन, म्हणजे दोन बाजूंचे छोटे कंट्रोलर, सुटे करून मारिओ कार्ट ८ डिलक्स हा शर्यतीचा गेम पहिल्याच दिवशी दोघं खेळतात. फक्त स्विच लाइट घेऊ नका, तो टीव्हीला जोडताच येत नाही.

डिस्कवाला: निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. म्हणजे आयात माल आणि दुकानदार देईल तेवढीच वॉरंटी. निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाला, ई-शॉपला, भारत हा प्रदेशच नाही, आपली बँकेची कार्डं तिथे बऱ्याचदा अडतात. आणि जॉय-कॉनची काडी झिजून पात्र आपोआप सरकायला लागतं, त्याचं काय?

तिसरी_खेळाडू: गेमला प्रदेशाचं कुलूप नाही, कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) बहुतेक कुठलंही चालतं आणि चांगल्या किमतीला विकलंही जातं. डिजिटल हवा असेल तर गिफ्ट कार्ड. कार्डाचा आणि खात्याचा प्रदेश एकच ठेवा, नाहीतर कोड चालत नाही. काडीचा सुटा भाग बाजारात मिळतो. वाय आकाराचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि आतल्या रिबन केबल (पातळ चपट्या तारा) जपा, त्यांच्या खिट्ट्या नाजूक असतात. वॉरंटीचा मुद्दा मान्य. म्हणूनच ऑनलाइन नको, परत जाता येईल अशा दुकानातून घ्या.

गोटीबंद: एवढा खटाटोप पहिल्या कन्सोलला? सिरीज एसला दुसरा कंट्रोलर आणि एए आकाराचे चार रिचार्जेबल सेल घ्या, विषय संपला. हो, टीव्हीत गेम मोड सुरू करा. तो बंद असला की बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि लोक कंट्रोलरला शिव्या घालतात.